भिंतीचा ताप बघणाऱ्या काकू

कुणाच्याही घरी गेल्या तरी डॉक्टरीणकाकू आधी भिंतीला हात लावायच्या. पाण्याचा तांब्या पुढे आलेला असायचा, घरातली माणसं बसा बसा म्हणत असायची, पण काकूंचा उजवा हात पालथा होऊन भिंतीला टेकलेला. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तसा. क्षणभर थांबायच्या, मग दुसऱ्या भिंतीपाशी जायच्या, आणि कुठल्या भिंतीला पाठ लावायची ते ठरवूनच सतरंजीवर बसायच्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. डॉक्टरीण हे नाव लातूरच्या आमच्या गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं, आणि ते त्यांना आवडायचं.

भूकंपातून आलेली बाई, म्हणून लोकांना वाटायचं की भिंत पडेल की काय ते बघतात. तसं नव्हतं. पडणारी भिंत हात लावून कळत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या भिंतीची ऊब बघायच्या. उन्हाळ्यात किती तापली, हिवाळ्यात किती गारठली, दिवसाचं ऊन पोटात ठेवते की लगेच ओकून टाकते, असं सगळं.

मी नांदेडला घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला त्या मुद्दाम लातूरहून एसटीने आल्या. मी पाटबंधारे खात्यातला माणूस. सळई किती, सिमेंटच्या गोण्या किती, विटा किती, सगळं स्वतः मोजून घेतलेलं, त्यामुळे घराचा मला अभिमान होता. दुपार कलली होती. काकूंनी पश्चिमेच्या खोलीत भिंतीला हात लावला आणि भरल्या पाहुण्यांत म्हणाल्या, "दिगू, ह्या भिंतीला ताप हाय. नकाशा कुणी काढला?"

मी इंजिनियरचं नाव सांगितलं. मोठ्या शहरातला होता, हेही सांगितलं.

"त्येनं नांदेडचा मे महिना बघितलाय का?"

बघितला नव्हता. त्या दिवशी मला काकूंचा राग आला. पुढचा सगळा मे महिना मात्र मला इंजिनियरचा राग येत राहिला. मी खोलीत थर्मामीटर टांगला. संध्याकाळी अंगणातली हवा निवायला लागली तरी ती खोली अंगणापेक्षा चार-पाच अंश वरच. चार इंचाची भिंत, तिला पश्चिमेला मोठी काच, आणि वर उघडा स्लॅब. इंजिनियरला फोन करून विचारलं तर म्हणाला, हल्ली सगळीकडे असंच बांधतात, एसी लावून घ्या. म्हणजे चूक त्याची आणि ती जन्मभर विजेच्या बिलात मी भरायची.

"हे कुण्या गावासाठी केलंय?" हा काकूंचा नेहमीचा प्रश्न. नवा पंखा, नवं छप्पर, नव्या पद्धतीची खिडकी, काहीही दारात आलं की विकायला आलेल्या माणसाला त्या हेच विचारायच्या. तो बिचारा कंपनीचं नाव सांगायचा, हमी सांगायचा. त्या पुन्हा विचारायच्या. गाव कुठलं सांग. ऊन किती, थंडी किती, पाणी कसलं. बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर बसतो, हे तुझ्या वस्तूला चालतंय का? बहुतेकांना याचं उत्तर नसायचं. ते नसायचं याचा काकूंना संताप यायचा, आणि तो त्या लपवत नसत.

हा प्रश्न त्यांच्याकडे कुठून आला ते मला बऱ्याच उशिरा कळलं. त्या निलंगा तालुक्यातल्या. गावातली घरं जाड दगडांची, चिखलात रचलेली, वर लाकडं आणि मातीचं हातभर जाड धाबं. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. भूकंपाच्या पहाटे याच भिंतींनी माणसं गाडली. काकू जुन्या घराचं कौतुक कधी करत नसत, कुणी करायला लागलं तर त्याला थांबवत. "गार व्हतं, खरं हाय. मानसं बी गार केली," एवढंच म्हणत.

काकू, त्यांचे यजमान, थोरला महेश आणि दीड वर्षाची सुमन, चौघंही त्यातून वाचले. वाचले म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये आले. माणसं उघड्यावर होती, घाईने काहीतरी उभं करायलाच हवं होतं, हे मला मान्य आहे. पण शेड उभी राहिली आणि मग महिनोन् महिने तीच राहिली. चारही बाजूंनी पत्रा, वर पत्रा. दुपारी आत भट्टी. आणि हिवाळा लागला तशी उलटी तऱ्हा. पत्रा उघड्या आभाळाखाली इतका गार पडायचा की आतल्या माणसांच्या श्वासाचं पाणी त्याला आतून धरायचं, आणि पहाटे ते थेंब थेंब अंथरुणावर गळायचं. बाहेर पाऊस नाही, आणि घरात गोधड्या ओल्या. सुमनला खोकला झाला, मग धाप लागली. पौषात ती गेली.

काकूंच्या यजमानांनी तिचं नाव भूकंपात गेलेल्यांमध्ये घ्या म्हणून सांगून पाहिलं. ते भरपाईसाठी गेले नव्हते. गावातल्या गेलेल्या माणसांत आपलीही पोरगी धरावी, इतकंच त्यांना हवं होतं. टेबलामागच्या माणसाने सांगितलं, हा नैसर्गिक मृत्यू आहे. भिंत पडून मेलं तर ती आपत्ती, आणि आपत्तीतून वाचलेलं पोर सरकारी पत्र्याखाली गारठून मेलं तर तो निसर्ग. इतक्या वर्षांनीही हे वाक्य आठवलं की माझी तळपायाची आग मस्तकाला जाते. काकू मात्र त्याबद्दल एकदाच माझ्याशी बोलल्या, गहू निवडता निवडता, मान वर न करता. "त्येंनी आम्हाला जीव वाचवायला दिलं रे. जगायला न्हाई दिलं."

त्यानंतर काकूंचे यजमान लातूरला एका आडतीवर तोलाईच्या कामाला लागले. आडतवाल्याच्या ओळखीने एक लहानसा प्लॉट मिळाला आणि त्यावर त्यांनी खोल्या घातल्या. त्याच सुमारास लातूरला शिकवण्यांचं पीक यायला सुरुवात झाली होती. दहावीत बरे मार्क पडलेल्या पोराला आईबाप ट्रंक आणि गादी देऊन लातूरच्या बसमध्ये बसवायचे. मी मुखेडहून आलो. खोली शोधत गल्लीत फिरताना एका दारात या बाई दिसल्या. भाडं विचारलं तर म्हणाल्या, आधी आत ये आणि भिंतीला हात लाव.

भाड्याची घरं मी तेव्हा बरीच पाहिली होती. एका खोलीचे प्लायवूड घालून तीन भाग केलेले, खिडकी एकाच्याच वाट्याला, आणि तरी भाडं तिघांकडून सारखं. पोरगं डॉक्टर होणार, सोसेल, असा हिशोब. काकूंच्याकडेही वर पत्राच होता, कारण स्लॅबखाली झोपायची त्यांची छाती होत नव्हती. पण त्यांनी पत्र्याखाली तुराट्यांचा जाड थर बांधून त्याला खालून शेणमातीने लिंपलं होतं, वरून दरवर्षी चुना द्यायच्या. पत्रा आतून एकदाही गळला नाही. पहिल्या हिवाळ्यात मी पहाटे उठून अंथरूण चाचपलं, कारण मुखेडला आत्याकडे पत्रा गळताना पाहिला होता. गादी कोरडी होती.

आणि त्यांचा बंब. न्हाणीला लागून तीन भिंतींचा एक आडोसा होता, त्यात तांब्याचा मोठा बंब बसवलेला. बंबाला वारं लागलं की जाळ उडतो, राख पाण्यात जाते आणि ऊब वाया जाते, म्हणून आडोसा. तुराट्या, भुईमुगाची टरफलं, काय मिळेल ते जळायचं. थंडीत एकाही पोराला गार पाण्याने अंघोळ करून क्लासला जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा कायदा. बादलीत सोडायचा तारेचा हीटर घेऊन एक पोरगं आलं होतं. काकूंनी तो काढून घेतला आणि त्याच्या बापाच्या हातात परत दिला. म्हणाल्या, पोराला पाणी मी देते, शॉक तुम्ही नेऊन घरी ठेवा.

मी बारावी झालो, पुढे नोकरीला लागलो, काकूंचे यजमान वारले, आणि गल्ली ओळखू येईना अशी झाली. जिथे लिंबाचं झाड होतं तिथे पाच मजले. बोर्डावर बोर्ड, अमक्याचे इतके डॉक्टर, तमक्याचे तितके. काकूंच्या खोल्यांवरही महेशने मजले चढवले, आता ते मुलींचं वसतिगृह झालं. मजले चढवताना मात्र पश्चिमेची भिंत दुहेरी घ्यायला काकूंनी त्याला भाग पाडलं होतं. माझी श्रुती दहावी झाली तेव्हा तिला ठेवायचं कुठे हा प्रश्नच आला नाही. मी तिला काकूंच्या दारात उतरवलं, आणि श्रुतीने आत शिरल्या शिरल्या भिंतीला हात लावला. मीच शिकवून ठेवलं होतं. काकू इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला.

इतक्या मुलींना बंब पुरणार नव्हता. जळण महाग, आणि धुरामुळे शेजारी भांडायला यायचे. गल्लीतल्या बाकी वसतिगृहांनी बाथरूममध्ये गॅसचे गिझर बसवले होते. लहानसं, भिंतीवर टांगायचं, झटक्यात गरम पाणी. मग एका सकाळी शेजारच्या वसतिगृहात उदगीरची एक मुलगी अंघोळीला गेली ती बाहेर येईना. दार तोडलं तेव्हा बेशुद्ध पडलेली. थंडी म्हणून तिने झरोका पुठ्ठा लावून बंद केला होता, आणि बंद जागेत गॅसच्या ज्योतीने हवेचं विष केलं. त्या विषाला वासही नसतो. मुलगी दवाखान्यात शुद्धीवर आली, वाचली. मालक म्हणाला, मुलींनी झरोका उघडा ठेवायला नको का?

काकू काठी टेकत त्याच्या दारात गेल्या. काय बोलल्या ते श्रुतीने मला फोनवर सांगितलं. झरोका कुणी बंद करू नये असं बांधायची अक्कल तुला न्हाई, आणि अक्कल नसल्याचं खापर अंगात हुडहुडी भरलेल्या पोरीवर फोडतोस, असं म्हणाल्या. मालकाने दार लावून घेतलं. त्याचा गिझर त्याच जागी राहिला.

गरम पाण्याचं काय करायचं हा घोर काकूंनी मनाला लावून घेतला. महेशचं म्हणणं सरळ होतं. पालक खोली बघायला येतात तेव्हा पहिला प्रश्न गरम पाण्याचा विचारतात. विजेचे गिझर लावले तर बिल परवडत नाही, सौर पाणी इतक्या मुलींना पुरेल एवढी जागा गच्चीवर नाही, तेव्हा गॅसचे गिझर आणि झरोक्याला जाळी. काकू नको म्हणत होत्या, पण दुसरं काय ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

ते सांगितलं त्यांच्या भाच्याने, बसूने. तो कॅनडात राहतो. एका संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर त्याने घराबाहेरचं यंत्र दाखवलं. भोवती गुडघाभर बर्फ, आणि त्यात एक पंखा असलेली पेटी फिरत होती. हीट पंप. यानेच आमचं घर गरम होतं आत्या, म्हणाला, बाहेरच्या हवेतली ऊब उचलून आत आणतं.

"बर्फात कसली आलीय रे ऊब?"

बसू शहाणा मुलगा. त्याने समजावलं की हवा कितीही गार असली तरी तिच्यात थोडी ऊब असतेच, आणि यंत्राच्या नळीतला वायू त्याहूनही गार करता येतो, म्हणून ऊब त्याच्यात शिरते. फ्रिज हेच करतो, आतली ऊब काढून मागे टाकतो. काकू उठल्या आणि फ्रिजच्या मागे हात घालून आल्या. हाताला ऊन लागलं. मग त्यांनी बसूची उलटतपासणी घेतली. लई थंडी पडली की काय करतंय? बसूने खरं सांगितलं. उणे वीसच्या खाली ते दमतं, वीज जास्त खातं आणि ऊब कमी देतं, तेव्हा जोडीला वेगळा हीटर लागतो. आणि हे जमतं ते घराच्या भिंतीत कापसासारखं जाड अस्तर भरलंय म्हणून. शेजारच्याचं जुनं, फटी असलेलं घर आहे. त्याने हेच यंत्र घेतलं, ते दिवसभर फिरतं आणि माणसं कोट घालून बसतात.

"म्हंजी तितंबी आधी भिंतच बघावं लागतंय," काकू म्हणाल्या, आणि त्यांचं समाधान झालं.

पुढचा हिशोब त्यांनी माझ्याकडे सोपवला. हिशोब सोपा होता. साधा गिझर एक युनिट विजेची एक युनिटच ऊब देतो. हे यंत्र हवेतून फुकटची ऊब उचलतं, म्हणून आपल्यासारख्या हवेत एका युनिटला तीन युनिटांच्या आसपास देतं. बसूच्या गावाला उणे वीस. आपल्याकडची कडाक्याची पहाट म्हणजे दहा-अकरा अंश. त्या यंत्राला लातूरचा हिवाळा म्हणजे वसंत ऋतू. तिकडे ते घर गरम करायला लागतं, इकडे पाणी तापवायला लावायचं, एवढाच फरक. शिवाय हवा ओढणारी पेटी बाहेर, टाकी बाहेर, बाथरूममध्ये नुसता नळ. कुणी झरोका बंद केला तरी काही होणार नाही. काकूंनी हे शेवटचं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

दिवाळीनंतर यंत्र आलं. दिवस उबदार होते, पाणी बरं तापायचं. मग थंडीची लाट आली आणि पाणी कोमट यायला लागलं. मग कोमटही नाही. पेटीच्या जाळीवर बर्फ धरायला लागला. लातूरला, बर्फ. मुली कुरकुरायला लागल्या, पालकांचे फोन आले. महेशने कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्याने सगळं तपासल्यासारखं केलं आणि निकाल दिला, या मशीनला थंड हवामान मानवत नाही, तुमच्याकडे थंडी जास्त आहे. हे बोलताना त्याच्या हातात जे माहितीपत्रक होतं त्याच्यावर बर्फातल्या घराचं चित्र होतं. मला हे फोनवर कळलं तेव्हा मी त्याला फोन द्यायला सांगितलं. मी विचारलं, अहो, लातूरच्या हवेला जमत नव्हतं तर लातूरला विकलंत कशाला? तो म्हणाला, आमचं काम बसवण्याचं.

महेशने गॅसचे गिझर मागवून टाकले. खोकी व्हरांड्यात येऊन पडली, आणि सोमवारी प्लंबर येणार असं ठरलं. काकूंनी मला निरोप दिला, रविवारी ये. माझी स्वतःची मुलगी त्या बाथरूममध्ये अंघोळ करणार होती, बोलावलं नसतं तरी मी गेलोच असतो.

यंत्र बसवलं होतं बंबाच्या जागी. काकूंनीच ती जागा दाखवली होती आणि घरात कुणाला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. पाणी तापवायचं म्हटलं की आडोसा, ही आमच्याकडची पिढ्यांची रीत. तिन्ही बाजूंनी भिंती, वर पत्रा, आणि पेटीला वारं लागू नये म्हणून समोर अर्धं झडपही काकूंनी लावून घेतलेलं. मी थर्मामीटर आणला होता, पण नजर माझी विजेच्या मीटरवरच होती. वीज किती खातंय ते बघत बसलो. काकू मागून आल्या, आणि सवयीने आडोशाच्या भिंतीला त्यांचा हात गेला.

त्यांनी हात झटकन काढला. बाहेर आल्या, अंगणातल्या उन्हातल्या भिंतीला लावला. पुन्हा आत येऊन लावला.

"दिगू, हितं हात लाव."

भर दुपारी ती भिंत माठासारखी गार होती. मी थर्मामीटर टांगला. आडोशातली हवा अंगणापेक्षा दहा-बारा अंशांनी खाली. मग डोक्यात प्रकाश पडला. हवेतली ऊब उचलली की ती गार झालेली हवा यंत्र बाहेर फेकतं. ती इथे बाहेर जातच नव्हती. भिंतींना आपटून परत यंत्राच्याच तोंडात जायची, आणखी गार होऊन बाहेर पडायची, पुन्हा आत. काकूंच्या आडोशाने लातूरमध्ये त्याच्यापुरतं बर्फाचं गाव तयार केलं होतं.

काकू पायरीवर बसल्या. "बंबाला आडोसा लागतो, ह्येला वारं लागतंय. मी ह्येला बंबच समजले की रे." आणि जरा वेळाने, वेगळ्या आवाजात, "माझं सोड. मी अडाणी. पर त्यो रोज हेच बसवतो ना? बोल्ट आवळताना त्येच्या तोंडाला काय झालं व्हतं?"

हाच प्रश्न माझा आजही आहे. शेडवाल्यांना, माझ्या इंजिनियरला आणि त्या बोल्टवाल्याला. न कळणं मी समजू शकतो. कळत असून, समोरची बाई सांगते म्हणून किंवा वरून आदेश आला म्हणून, मुकाट्याने चुकीच्या जागी बसवून निघून जाणं मला समजत नाही.

महेशला बोलावलं. यंत्र गच्चीवर, उघड्या वाऱ्यात न्यायचं, असं सांगितलं. तो वैतागला. पाइप पुन्हा फिरवायचे, त्यात आठवडा जाणार, आणि परत चाललं नाही तर? उद्या गिझर बसवू, यंत्राचं मग बघू, म्हणाला. झरोक्यांना जाळी ठोकली आहे, मुलींना ताकीद देऊ.

काकू व्हरांड्यात गेल्या आणि गिझरच्या खोक्यावर बसल्या.

"थंडीत पोरगी झरोका बुजवणारच, महेश. पुठ्ठा न्हाई मिळाला तर टॉवेल लावंल. तिला थंडी वाजती, ताकीद वाजत न्हाई."

काकू खोक्यावरून हलल्या नाहीत.

"तुझी बहीण थंडीनं गेली, माझ्या मांडीवर. तवा माझ्या हातात काय बी नव्हतं. आता हाय. दुसऱ्याच्या पोरी ऊन पाण्यापायी घालवायच्या असतील तर आधी मला उठव हितून."

सुमनचं नाव त्या घरात कुणी घेत नसे, आणि काकूंनीही ते घेतलं नाही. महेशने फोन करून मोंढ्यातून, धान्याच्या बाजारातून, हमाल बोलावले. ते येईपर्यंत त्याने स्वतःच झडपाचे स्क्रू काढायला घेतले होते.

पाइप फिरवायला आठवडा लागला. तेवढे दिवस काकूंनी माळ्यावरचा बंब काढून अंगणात पेटवला, आणि शेजारी धुराचं भांडायला आले तेव्हा त्यांनाही एक बादली ऊन पाणी दिलं. मग गच्चीवर यंत्र सुरू झालं. दुसऱ्या दिवशी श्रुतीचा फोन आला, बाबा, पाणी पोळतंय, गार मिसळावं लागतंय. पुढचे दोन महिने मी मीटर तपासला. माझा हिशोब जवळपास जुळला. जड पाण्याने आत थर धरतो, तो वर्षातून एकदा साफ करावा लागतो, एवढी एक गोष्ट मी धरली नव्हती. गिझरची खोकी परत गेली.

उन्हाळ्यात तर काकूंनी त्या यंत्राचा आणखी एक उपयोग काढला. पाणी तापवताना ते गार वारा फेकतं, म्हणून त्याच्या तोंडाशी सावली करून त्या बाज टाकून बसायच्या. मे महिन्यात, लातूरच्या गच्चीवर, डाळ निवडत, पदर उडतोय. शेजारी मुलींच्या पाण्याच्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या. फोनवर बसूने सुचवलं, आत्या, हिवाळ्यात याच पद्धतीने खोल्यापण गरम करून घे ना. काकूंनी त्याला सांगितलं, "आमच्याकडं थंडी पाव्हण्यासारखी येती अन् जाती. पाव्हण्यासाठी कुणी यंत्र बांधत न्हाई. भिताड नीट आसलं की दिवसाचं ऊन रातीला पुरतंय. तुझ्याकडं थंडी घरची हाय, तुला पायजे." या विषयावर मी पुढे बरंच वाचलं. याहून वेगळं काही मला सापडलं नाही.

काकू मागच्या पौषात गेल्या. आजारी अशा फारशा नव्हत्या. मी पोचलो तेव्हा त्यांना पश्चिमेच्या त्या दुहेरी भिंतीशी ठेवलं होतं. महेश बाहेर आला, माझ्याशेजारी उभा राहिला, आणि त्याचा हात पालथा होऊन भिंतीला टेकला. आपण काय करतोय हे त्याच्या लक्षातही नसावं.

यंदा भूकंपाच्या स्मृतिदिनाला मी महेशबरोबर त्यांच्या गावी गेलो. स्मारकापाशी मंडप होता. एक पाहुणे बोलले. चांगलं बोलले, कळवळ्याने बोलले. पत्र्याच्या शेडचा उल्लेखही त्यांनी केला, किती तातडीने उभ्या राहिल्या म्हणून. मग गावात गेलेल्या माणसांचा आकडा सांगितला आणि सगळे श्रद्धांजलीला उभे राहिले.

मी आकड्यांचा माणूस आहे. चुकीचा आकडा ऐकून गप्प बसणं मला जमत नाही. सगळे बसल्यावर मी तसाच उभा राहिलो आणि सांगितलं की आपण आकडा सांगितलात त्यात एक कमी आहे. पाहुण्यांनी विचारलं, कोण? मी महेशकडे पाहिलं. तो उठला, आणि त्या गावात, त्या मंडपात, मी पहिल्यांदाच त्याच्या तोंडून त्याच्या बहिणीचं नाव ऐकलं.